पाळण्याचं गाव कोणतं?

आमच्याकडे माणसाची ओळख नावानं होत नाही, गावानं होते. एसटीत शेजारी येऊन बसलेला माणूस पिशवी मांडीवर नीट ठेवून झाली की पहिला प्रश्न टाकतो, "गाव कोणतं?" मी म्हणतो, "कसबा बावडा." तो म्हणतो, "म्हणजे कोल्हापूरच की." आणि माझी पंचाईत होते.

बावडा कोल्हापुरातच आहे, हे खरं. महापालिकेची घरपट्टी दरवर्षी न चुकता त्याची आठवण करून देते. पण आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजून पायांत चप्पल सरकवताना "जरा कोल्हापूरला जाऊन येतो" असंच सांगतात. कोल्हापूर म्हणजे रिक्षानं पंधरा मिनिटं. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ साली आमच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यातला. तेव्हा महाराज मूळचे बावड्याचे आणि १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, असा आमचा साधा हिशेब. कागलकर यावर हरकत घेतात, कारण घराणं कागलच्या घाटग्यांचं. त्यांचंही चूक नाही. थोर माणसाला गावं पुष्कळ असतात. आमच्यासारख्याला एकच असतं आणि तेही लोक 'म्हणजे कोल्हापूरच की' म्हणून काढून घेतात.

गंमत अशी, की बावडा जागचा इंचभर हललेला नाही. शहरच एकेक पाऊल टाकत आलं आणि आम्हाला कडेवर घेऊन उभं राहिलं.

या प्रश्नाची मला एवढी सवय झालेली, की यंदाच्या उन्हाळ्यात तो मी एका पाळण्याला विचारला. खरं म्हणजे विचारला नातीनं. ती सात वर्षांची, पुण्याची, सुट्टीला आलेली. गावाबाहेरच्या पटांगणात पाळणे आल्याची बातमी दूधवाल्यानं आणली आणि चहा व्हायच्या आत आम्ही दोघं तिथं हजर झालो.

जत्रेतला पाळणा फिरताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो उभा राहताना पाहावा. ट्रकमधून उतरवलेले चक्रीचे घोडे गवतावर उताणे पडले होते, चारही पाय आभाळाकडे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. इथं पाळण्याचेच पाय दिसत होते. एका घोड्याचा डावा कान मूळचा नव्हता, नंतर कुणीतरी हातानं लिंपून केलेला होता आणि तो गाढवाकडे थोडा झुकला होता. शेजारी नट-बोल्टांची पोती, खांबांची चळत, काळं ग्रीस भरलेला वनस्पती तुपाचा डबा. एक पोरगा पान्यानं बोल्ट आवळत होता आणि मालक गुडघ्यांवर बसून जमिनीची लेव्हल घेत होता. त्याची पद्धत मला फार आवडली. बैठकीच्या फळीवर चहाचा भरलेला ग्लास ठेवायचा आणि चहा कुठल्या काठाकडे कलतो ते बघायचं. ज्या बाजूला कलेल तिकडे खाली लाकडी ठोकळा सारायचा. चहा सरळ झाला की तो पिऊन टाकायचा आणि पुढच्या पायाला दुसरा ग्लास. चार पाय, चार चहा. इतकं चवदार इंजिनियरिंग मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

"आजोबा, हा पाळणा बावड्याचा आहे का?" नातीनं विचारलं.

मी तोच प्रश्न पुढं सरकवला. "गाव कोणतं?"

"कुणाचं? माझं का पाळण्याचं?"

"पाळण्याचं."

मालकानं ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं धंदा करून हे त्याला कुणी विचारलं नसावं. "आता बगा," तो बोटांवर मोजत म्हणाला, "मदला खांब मिरजंच्या भंगारातला. घोडी आमच्या वडलांनी पंढरपुरात एकाकडनं घेतल्याली, त्यानं ती कुटनं आणल्याली द्येव जानं. फळ्या दरसाल नव्या. मोटर उद्यमनगरातली. आन् रंग काल रातच्याला हितंच दिला, अजून ओला हाय, पोरीला हात लावू दिऊ नगा. आता ह्याचं गाव कुटलं म्हनायचं, तुमीच सांगा."

मला सांगता येईना. तोवर नातीच्या तळहातावर ओला लाल रंग आलाच होता.

घरी येऊन रॉकेलच्या बोळ्यानं तो हात पुसताना मी विचार करत राहिलो. मोटर उद्यमनगरातली, यात मला नवल वाटलं नाही. शेतीच्या पाण्याला लागणारी ऑइल इंजिनं घडवून घडवून कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीचे हात तयार झालेले. कुणी उद्या विमानाचा तुटका तुकडा घेऊन गेलं तरी "संध्याकाळी या" म्हणतील. आणि पाळण्यांचं शेतीशी जुनं नातं आहे. इंग्लंडात किंग्ज लिन गावी फ्रेडरिक सॅव्हेज नावाचा एक कारागीर शेतीची यंत्रं करायचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या मनात आलं, की जी वाफ शेतीच्या कामाला जुंपता येते, ती लाकडी घोडेही पळवील. मग त्यानं असे घोडे केले, की इंग्लंडच्या जत्रा त्यांच्यावरच फिरू लागल्या. तेव्हा पाळणा म्हणजे सुट्टीवर आलेलं शेतीचं अवजार, असं म्हणायला हरकत नाही.

माझ्या लहानपणी मात्र मोटर नव्हती. चार खोक्यांचा लाकडी पाळणा असायचा. तो फिरवणारा माणूस स्वतःच त्याच्या आऱ्यांवर माकडासारखा चढायचा, वर जाऊन लोंबकळायचा आणि आपल्या वजनानं पाळणा खाली आणायचा. आस कुरकुरायची. आजी मला मांडीवर घेऊन खोक्यात बसायची आणि पाळणा हलायच्या आधीच डोळे मिटून घ्यायची. वर गेल्यावर पंचगंगा दिसते, असं सगळे सांगत. आजीनं ती कधी पाहिली नाही. उतरल्यावर मात्र आठवडाभर शेजारणींना सांगायची, "नदी किती ल्हान दिसती गं वरनं!" माझंही तेच. माझे डोळे तिच्या पदराखाली होते. पाळण्यातून नदी पाहिल्याची आमच्या घराण्याची आठवण अशी पूर्णपणे ऐकीव आहे, पण आम्ही ती जपली आहे.

आता मोठे पाळणे. पाळण्यांच्या घराण्यात शिकागोच्या चक्राला आद्य पुरुषाचा मान. १८९३ साली तिथं जागतिक प्रदर्शन भरलं. पॅरिसकरांनी चार वर्षांपूर्वीच आयफेल टॉवर उभा करून ठेवलेला. त्याला तोड हवी म्हणून जॉर्ज फेरिस या इंजिनियरनं २६४ फूट उंचीचं पोलादी चक्र उभं केलं. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसं हवेत. आमच्याकडच्या आख्ख्या गावाची म्हाई, म्हणजे गावजत्रा, एका पाळण्यात बसेल! त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंद तिथं बोलले. स्वामीजी आदल्याच वर्षी, १८९२ साली, कोल्हापुरात येऊन गेले होते. तेव्हा त्या चक्राचं आणि आमचं अगदीच काही नातं नाही, असं मी मानत नाही. बावडेकराला नातं जोडायला एवढं सूत पुरतं.

ते प्रदर्शन होतं कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून. आणि आपल्या जत्रेत पुढं-मागं झुलणाऱ्या त्या मोठ्या होडीला काय म्हणतात? कोलंबस! बिचारा हिंदुस्थान शोधायला निघाला होता, वाट चुकून भलतीकडे गेला. शेवटी पोचला तो आपल्या जत्रेत, भेळेच्या गाड्यांच्या शेजारी. पण मुक्कामाला पोचूनही त्याचं मन ठरत नाही. एकदा पुढं जातो, एकदा मागं येतो.

शिकागोच्या चक्राचं पुढं काय झालं? प्रदर्शन संपलं. चक्र उतरवलं. तिथल्याच दुसऱ्या भागात पुन्हा उभं केलं, धंदा बसला. पुन्हा उतरवलं आणि १९०४ साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात तिसऱ्यांदा उभं केलं. १९०६ साली सुरुंग लावून ते पाडलं आणि भंगारात घातलं. तीन मुक्काम आणि शेवट. फेरिस स्वतः १८९६ सालीच गेला होता. तिसऱ्या मुक्कामाला चक्र एकटंच गेलं. त्या चक्राला कुणी "गाव कोणतं?" विचारलं असतं, तर त्यानं शिकागो सांगितलं असतं की सेंट लुईस? माहेर सांगायचं की सासर? पॅरिसला १९०० सालच्या प्रदर्शनासाठी असंच एक मोठं चक्र होतं. ते पुढं मोडलं, तेव्हा त्याचे डबे पहिल्या महायुद्धात घरं गेलेल्या कुटुंबांना राहायला दिले, असं सांगतात. म्हणजे ज्याला स्वतःचं गाव नव्हतं, तो पाळणा दुसऱ्याचं गाव झाला. चूल पेटली, दाराशी दोरी बांधून कपडे वाळत पडले. असं भाग्य फार थोड्या पाळण्यांना लाभतं.

पण गावाच्या प्रश्नाची खरी फजिती केली ती अमेरिकेतल्याच एका लाकडी घोड्यांच्या चक्रीनं. फिलाडेल्फियाच्या एका नामांकित कारखान्यात १९२२ साली घडवलेली ही चक्री ओहायो राज्यातल्या यंग्सटाउन गावी, आयडोरा पार्क नावाच्या बागेत होती. ४८ घोडे, शिवाय न झुलणाऱ्या मंडळींसाठी दोन रथ. ती इतकी देखणी, की १९७५ साली सरकारनं तिची नोंद राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत केली. स्थळांच्या, हे ध्यानात घ्या. पुढं नऊ वर्षांनी बागेत आग लागली, बाग कायमची बंद पडली आणि चक्रीचा लिलाव झाला. न्यूयॉर्कच्या डेव्हिड आणि जेन वॉलेन्टास या जोडप्यानं ती ३ लाख ८५ हजार डॉलरांना घेतली आणि ब्रुकलिनला नेली. म्हणजे सरकारी दप्तरातलं एक ऐतिहासिक स्थळ उठलं, ट्रकमध्ये बसलं आणि पाचशे किलोमीटरहून लांब बिऱ्हाड करून राहिलं. आमच्या तलाठ्यासमोर असा सातबारा आला असता, तर त्यानं रजा टाकली असती.

या जेनबाईंचं काम मला फार जवळचं वाटतं. घोड्यांवर साठ वर्षांचे रंग चढलेले. दर हंगामाला नवा हात, जुना न खरवडता. बाई धारदार पातं घेऊन बसल्या आणि एकेक थर खरवडत मूळ रंगापर्यंत गेल्या. वीसहून जास्त वर्षं हे काम चाललं. ब्रुकलिनमध्ये यात काही नवल असेल, आपल्याकडे नाही. देवावर शेंदराची पुटं चढत जातात, पिढ्यान् पिढ्या, आणि एखाद्या दिवशी ते कवच गळून पडतं. मग गाव लोटतं आणि म्हणतं, आपला देव असा दिसत होता होय! सप्तशृंगगडावर २०२२ साली शेंदराचा लेप काढल्यावर देवीचं मूळ रूप दिसलं, तेव्हा हेच झालं. आमच्या पटांगणातल्या गाढवकान्या घोड्यावर किती पुटं आहेत कोण जाणे. खरवडत गेलं तर लाल रंगाखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा, त्याखाली पंढरपूर आणि त्याखाली देव जाणे.

या चक्र्यांची आणखी एक खोड आहे. घोड्याची जी बाजू बाहेर, लोकांकडे, तिच्यावर सगळं कोरीवकाम. लगाम, झूल, फुलं, खोटी रत्नं. आतली बाजू अगदीच साधी. हे वाचून मी मोठ्यानं हसलो. कारण आमच्या गल्लीच्या मंडळाचा गणपती. पुढून काय त्याचं तेज, काय मखर. मागून जाऊन पाहावं तर बांबू, सुतळी आणि कुणाचा तरी वाळत टाकलेला टॉवेल. माणसाची जात सगळीकडे सारखीच.

आणि दिशा. इंग्लंडातल्या चक्र्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. घोड्यावर डाव्या बाजूनं चढायची रीत, आणि तशी चक्री फिरली की डावी बाजू बाहेर येते, हे त्यामागचं कारण. अमेरिकेतल्या मात्र उलट. म्हणजे इंग्रजांचे घोडे नकळत रीतसर प्रदक्षिणा घालतात आणि अमेरिकेचे उलटी. आजी असती तर म्हणाली असती, "म्हनूनच त्यास्नी आग लागली."

आग झाली, पाणी राहिलं होतं. तेही आलं. ब्रुकलिनमध्ये ईस्ट रिव्हरच्या काठावर, ज्याँ नूव्हेल या फ्रेंच वास्तुविशारदानं बांधलेल्या पारदर्शक मंडपात ही चक्री २०११ साली फिरू लागली. आणि दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळानं नदी वर आली. त्या रात्रीचं एक छायाचित्र जगभर गेलं. चारी बाजूंनी काळं पाणी आणि मधोमध दिवे लागलेला मंडप, आत थांबलेले घोडे. जगातल्या लोकांना ते स्वप्नासारखं वाटलं. मला बावड्यासारखं वाटलं.

कारण पाणी आमच्या घरचा विषय आहे. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा आमचा, आणि कोल्हापूरचा पूर मोजायचा तो तिथं. साऱ्या देशात मीटर-लिटर आले, पण आमची नदी अजून फुटांत वाढते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुलैत सकाळी कुणी "राम राम" म्हणत नाही, "किती झालं?" म्हणतात. "एक्केचाळीस." एवढ्यावर ज्याला समजायचं ते समजतं. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ साली त्याहून वर. वर्षभर 'बावडा म्हणजे कोल्हापूरच की' म्हणणारं कोल्हापूर त्या चार दिवसांत मात्र सारखा फोन करून विचारतं, "बावड्याला किती आहे?" तेवढे चार दिवस आमचं गाव आम्हाला परत मिळतं.

अशाच एका पुरात पाहिलेलं एक सांगतो. नदीकाठच्या घरातून बाहेर पडताना एक बाई भरल्या घरातून काय उचलावं याचा विचार करत उंबऱ्यात थांबली होती. शेवटी तिनं घेतलं ते भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ बंद होतं. पण ते तिच्या लग्नातलं होतं. आठवड्यानं ती परतली, भिंत ओली होती, खिळा गंजला होता. तिनं घड्याळ पुन्हा त्याच खिळ्याला अडकवलं. आता मला सांगा, गाव म्हणजे काय? भिंत, घड्याळ की खिळा? यंग्सटाउनच्या लोकांना त्यांचे घोडे आजही ब्रुकलिनला जाऊन पाहता येतात. खिळा मात्र गेला.

नातीला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला चक्रीत बसायचं होतं. तिनं नेमका गाढवकान्या घोडा निवडला. माझं वय बघून मालकानं मला फुकट बसा म्हटलं, पण मी कठड्याला धरून उभा राहिलो. चक्री सुरू झाली. दर फेरीला नात समोरून जाताना "आजोबा!" म्हणून ओरडायची, जणू फार लांबच्या प्रवासाहून नुकतीच परतली आहे आणि मी स्टेशनवर उभा आहे. बारा फेऱ्या, बारा स्वागतं. मग चक्री थांबली आणि ती जिथं चढली होती बरोबर तिथंच उतरली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या धंद्यात केवढी गोड फसवणूक आहे. पैसे आपण देतो फिरण्याचे, आणि कुठंच जात नाही. फिरतो तो पाळणा. आपण आयुष्यभर बावड्यात बसून असतो आणि तो मिरज, पंढरपूर, जोतिबा, नरसोबाची वाडी करून पुढच्या वर्षी पुन्हा समोर उभा. तिकीट खरं तर त्यानं आपल्याला द्यायला हवं, बसल्या जागी बसून राहिल्याबद्दल.

पंधरा दिवसांनी पाळणे उतरले. आम्ही सकाळी गेलो, तेव्हा घोडे पुन्हा उताणे होऊन ट्रकमध्ये रचले होते आणि मालक दोर आवळत होता. पटांगणात चक्रीच्या जागी पिवळं पडलेल्या गवताचा मोठा गोल उरला होता, मधे ग्रीसचा डाग, आणि लेव्हलसाठी सारलेला एक ठोकळा विसरून राहिलेला. नातीनं तो उचलून मालकाला नेऊन दिला. त्यानं तो परत तिच्याच हातात ठेवला. "ऱ्हाऊ दे. पुढल्या साली लागंल हितं."

"म्हणजे पुढच्या वर्षी याल ना?" मी विचारलं.

"आमी येतोय की!" तो ट्रकच्या फळीवरून खाली उडी मारत म्हणाला. "आमचं काय, गाडी वळीवली की आलो." मग माझ्याकडे, माझ्या काठीकडे, पुन्हा माझ्याकडे बघत त्यानं अगदी आपुलकीनं विचारलं, "तुमी असशीला न्हवं हितं?"

गेली एकाहत्तर वर्षं मी बावड्यात आहे. मला हा प्रश्न एका पाळणेवाल्यानं विचारावा?

"मी कुठं जातोय?" मी म्हणालो. जरा घाईनंच म्हणालो असेन, कारण नातीनं वर बघितलं. घरपट्टीची पावती खिशात असती, तर तिथल्या तिथं काढून दाखवली असती.